पोस्ट कुणी लिहिला?

माझ्या गाळ्यात नऊ वर्षं चोरीचं कॅम सॉफ्टवेअर चाललं. हे वाक्य पुढे कुठेतरी, चार कारणांच्या आडोशाला ठेवता आलं असतं. म्हणूनच ते आधी लिहून टाकतो.

भोसरी एमआयडीसीत माझा गाळा आहे. दोन व्हीएमसी, एक टर्निंग सेंटर, एक जुनं रेडियल ड्रिल, एक सरफेस ग्राइंडर आणि माझ्यासकट आठ माणसं. कामं बहुतेक जॉबवर्कची. फिक्स्चरच्या प्लेटा, प्रेस टूलचे डाय-पंच, ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, आणि अधूनमधून एखादा लहान मोल्ड. आयटीआय करून मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहिलो आणि मग बँकेचं कर्ज काढून पहिलं व्हीएमसी आणलं. त्या कर्जाच्या कागदांत मशीन होतं, टूल होल्डर होते, व्हाइस होता, कॉम्प्रेसर होता, स्टॅबिलायझर होता. प्रोग्राम कशावर करायचा, यासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मी हाताने प्रोग्राम लिहिणारा माणूस. ड्रॉइंग समोर घ्यायचं, कॅल्क्युलेटरवर साइन-कॉस काढून बिंदू मांडायचे आणि कंट्रोलवर एकेक ओळ टाकत जायचं. त्यात मला आनंद होता, आजही आहे.

२०१५ साली एका गिऱ्हाइकाने कागदाऐवजी स्टेप फाइल आणून दिली. आत एका हँडलचा मोल्ड, सगळा वळणावळणाचा. असा पृष्ठभाग हाताने लिहिता येत नाही. बॉलनोज कटरला त्यावरून हजारो बारीक पावलं टाकत न्यावं लागतं. मी एका मोठ्या नावाच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवलं. त्या पैशात एक चांगलं जुनं मिलिंग मशीन आलं असतं, शिवाय दरवर्षीचं मेंटेनन्स वेगळं. दोन दिवसांनी ओळखीतल्या एकाने तेच सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणून दिलं, क्रॅकसकट.

तेव्हापासून माझी दोन मतं पक्की होती. लहान गाळेवाल्याला खरं कॅम परवडत नाही, आणि जे परवडतं ते कामाचं नसतं. कायदा माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही जो ती वापरतो, त्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब मध्ये किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. हे एका सप्लायरने मला बसवून वाचून दाखवलं होतं. मी त्याला म्हणालो, आजूबाजूच्या किती गाळ्यांत बिल देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर आहे ते आधी मोजून या. त्याने मोजलं असतं तरी माझ्या कॉम्प्युटरवर काय आहे ते बदललं नसतं.

ते चालवायला मी एक मुलगा ठेवला होता. सोलापूरकडचा, डिप्लोमा झालेला, कमी बोलणारा. तो टूलपाथ काढायचा, प्रोग्राम तयार करायचा आणि मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून अर्धा-पाऊण तास तिच्यात काहीतरी करत बसायचा. मशीन उभं आहे आणि हा पडद्याकडे बघतोय, याचा मला राग यायचा. कितीदा तरी म्हणालो असेन, "कॉम्प्युटरने काढलंय ना? मग तू काय तपासत बसतोस?" तो म्हणायचा, "बघतो जरा, साहेब." सहा वर्षं तो एवढंच म्हणत राहिला. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याला चाकणला चांगल्या पगाराची नोकरी लागली. मी त्याला थांबवलं नाही. सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे, चालवणारा दुसरा मिळेल, असा माझा हिशेब.

दुसरा मिळाला. तिसऱ्या आठवड्यात त्याने ॲल्युमिनियमची ४०० बाय ३०० ची प्लेट लावली, चार क्लॅम्पने धरून. चौदा भोकं होती. तीन झाली. चौथ्याकडे जाताना ड्रिल वर उचललाच गेला नाही, कामाला जवळजवळ चाटत आडवा निघाला, आणि वाटेत क्लॅम्प होता. ड्रिल आखूड होता, त्यामुळे त्याच्यामागोमाग कोलेटचा नटही रॅपिडने क्लॅम्पवर जाऊन बसला. तो आवाज मी ऑफिसात ऐकला आणि उठून येईपर्यंत सगळं शांत झालं होतं. डायल लावून बघितलं, तर चार-पाच मायक्रॉनचा रनआउट तिसाच्या पुढे. स्पिंडल दुरुस्तीला गेला. अकरा दिवस मशीन बंद. दोन गिऱ्हाइकांची कामं दुसरीकडे गेली, त्यातलं एक परत आलं नाही.

चूक एका अंकाची होती. फानूक कंट्रोलच्या ड्रिलिंग सायकलमध्ये जी ९८ दिलं की टूल प्रत्येक भोकानंतर सुरुवातीच्या उंचीवर येतं. जी ९९ दिलं की फक्त आर पातळीपर्यंत, म्हणजे कामाच्या दोन-तीन मिलिमीटर वर येतं आणि तसंच पुढे सरकतं. मोकळ्या प्लेटवर जी ९९ चांगलं, वेळ वाचतो. मध्ये क्लॅम्प असेल तर जी ९८ च पाहिजे. हे मला तोंडपाठ होतं. आमच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक वेळी जी ९९ च बाहेर पडतं आणि सोलापूरचा मुलगा ते रोज हाताने बदलतो, हे मात्र मला माहीत नव्हतं. नव्या मुलाला ते सांगणार कोण? तरी त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो. तो अजून माझ्याकडे आहे. त्याची माफी मागायला मला चार महिने लागले.

त्या अकरा दिवसांतच एक मुलगी प्रोग्रामरच्या जागेसाठी भेटायला आली. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकलेली. मी तिला झालेला प्रकार सांगितला. ती कॉम्प्युटरसमोर बसली, फोल्डर उघडले, जुन्या फाइली चाळल्या आणि तिने विचारलं, "सर, हा पोस्ट कुणी लिहिलाय?"

मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅम सॉफ्टवेअर टूलचा जो मार्ग काढतं, तो कुठल्याच मशीनच्या भाषेत नसतो. तो मार्ग आपल्या मशीनच्या बोलीत उतरवणारी एक लहानशी फाइल असते, तिला पोस्ट प्रोसेसर म्हणतात. आणि बोली खरोखरच निराळ्या असतात. टूलची लांबी फानूकला जी ४३ आणि एच क्रमांकाने सांगायची, सीमेन्सला डी क्रमांकाने. फानूकचं ड्रिलिंग जी ८१, सीमेन्सचं सायकल ८१, आणि त्यापुढचे आकडे मांडायची रीत वेगळी. फानूकला जी ०४ पी १००० म्हटलं तर ते एकच सेकंद थांबतं, कारण पी मिलिसेकंदांत असतो. सगळ्यात घातक ते दशांशाचं टिंब. पॅरामीटर तसा ठेवलेला असेल तर टिंब दिलेला एक्स १० म्हणजे दहा मिलिमीटर आणि टिंब न दिलेला एक्स १० म्हणजे दहा मायक्रॉन. वऱ्हाडातला माणूस मालवणात गेला तर चार शब्द अडतील, पण ऐकणारा समजून घेईल. कंट्रोल समजून घेत नाही. लिहिलेलं जसंच्या तसं करतो.

आमचा पोस्ट पेन ड्राइव्हमधूनच आला होता. कुठल्या मशीनसाठी, कुठल्या कंट्रोलसाठी, कुणी तयार केला, कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायला फोन करावा असं कुणी नव्हतं. म्हणजे नऊ वर्षं मला जे फुकट वाटलं, त्यातल्या सहा वर्षांची किंमत तो मुलगा रोज अर्धा-पाऊण तास बसून चुकती करत होता. मी त्याला मंद समजत होतो. त्याच्या आधीच्या तीन वर्षांत किती टूल तुटले आणि ते कशामुळे, हे आता शोधून सापडणार नाही.

ती मुलगी जाताना म्हणाली, "ह्याच्यावर मी काम नाही करणार, सर. बिलाचं घ्या. साधं असलं तरी चालेल." पहिल्या वाक्याचा मला राग आला. तिसरं वाक्य डोक्यातून गेलं नाही. साधं असलं तरी चालेल, असा विचार मी कधीच केला नव्हता.

भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. पुढच्या गुरुवारी मी एकटाच गाळ्यात गेलो आणि सरफेस टेबलावर वर्षभराची ड्रॉइंग्ज मांडली. २१४ जॉब होते. एका बाजूला ठेवली ती सपाट कामाची: पॉकेट, कंटूर, भोकं, चॅम्फर. झेड एका उंचीवर स्थिर आणि कापणं फक्त एक्स-वायमध्ये, ज्याला आम्ही अडीच अक्षाचं काम म्हणतो. दुसऱ्या बाजूला खरोखरच्या वळणदार पृष्ठभागाची. दुसऱ्या बाजूचा गठ्ठा सतरा कागदांचा झाला. पाच अक्षांचं एकही नव्हतं, असणार कुठून, माझी दोन्ही व्हीएमसी तीन अक्षांची आहेत. आणि नऊ वर्षं माझ्याकडे पाच अक्षांपर्यंत सगळं करणारं सॉफ्टवेअर होतं. ते मला कामासाठी हवं नव्हतं. गिऱ्हाईक ऑफिसात आलं की पडद्यावर ते मोठं नाव दिसावं, यासाठी हवं होतं.

मग मी आणि ती मुलगी (तिला मी परत बोलावलं होतं, बिलाचं सॉफ्टवेअर येईल असा शब्द देऊन) एकेक पर्याय बघायला बसलो. मास्टरकॅम, पॉवरमिल, सॉलिडकॅम ही ताकदीची सॉफ्टवेअर आहेत आणि ज्यांचं पोट मोल्डवर आहे त्यांनी ती घ्यावीतच. सॉलिडवर्क्स ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांना २०१८ पासून सबस्क्रिप्शनसोबत प्राथमिक कॅम मिळतं. माझ्याकडे सॉलिडवर्क्स नव्हतं. ऑटोडेस्कच्या फ्यूजनची वैयक्तिक वापराची प्रत फुकट मिळते म्हणून माझं मन आधी तिथे गेलं. ती प्रत धंद्यासाठी नाहीच. २०२० च्या ऑक्टोबरपासून तिच्यात एका वेळी दहाच फाइली संपादन करता येतात, रॅपिड हालचाली कापायच्या फीडनेच होतात आणि टूल आपोआप बदलत नाही. घरी शिकणाऱ्याला ती पुरते. माझ्यासारख्याने ती गाळ्यात वापरली असती तर ती पेन ड्राइव्हचीच दुसरी आवृत्ती झाली असती.

फ्रीकॅडकडे मी बघायलाही तयार नव्हतो. जे कुणी विकत नाही ते चांगलं कसं असेल, हे माझं जुनं दुसरं मत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. २००२ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलेल्या सॉफ्टवेअरने १.० म्हणायला बावीस वर्षं घेतली, हे ऐकून मला उलट विश्वास वाटला. धंद्यात वापरायला कसलीच आडकाठी नाही. त्या मुलीने एक फिक्स्चर प्लेट त्यात करून दाखवली आणि पॉकेटसाठी ॲडॅप्टिव्ह मार्ग लावला. तो चालताना बघितला आणि माझं मत तिथेच मोडलं.

याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हात आणि कॅम यांतला खरा फरक इथे आहे. स्टीलमध्ये खोल पॉकेट करायचं तर आम्ही १२ मिमीचा कार्बाइड एंडमिल पूर्ण रुंदीने घालायचो आणि दोन-दोन मिलिमीटर खाली उतरायचो. टोकं झिजून जायची, वरची धार कोरी राहायची, आणि तसाच एंडमिल टाकून द्यायचा. ॲडॅप्टिव्हमध्ये उलटं. खोली एकदम २४ मिमी, पण बाजूचा घास फक्त १.२ मिमी, म्हणजे व्यासाच्या दहा टक्के. एवढ्या कमी घासात चिप पातळ निघते. तिची जाडी दर दातामागच्या फीडच्या साठ टक्केच भरते. म्हणजे ०.०६ मिमीची चिप हवी असेल तर दाताला ०.१ मिमी फीड द्यावा लागतो, नाहीतर धार कापण्याऐवजी घासत राहते आणि तापते. पहिल्यांदा हा फीड बघून आमच्या ऑपरेटरने हात फीड ओव्हरराइडवरून काढला नाही. पण मार्ग असा वळत जातो की कोपऱ्यातही घास वाढत नाही, आणि एंडमिलची पूर्ण धार कामाला लागते. अशी वळणं कॅल्क्युलेटर घेऊन कुणीही लिहू शकणार नाही. आणि हे एका फुकट, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

अडचणीही आल्या. माझं पहिलं मशीन जुनं. त्याची मेमरी २५६ केबी, आणि कागदावर ती ६४० मीटर अशी लिहिलेली आहे, कारण फानूकने जुन्या काळच्या पंच टेपच्या लांबीचं माप तसंच ठेवलं आहे. ॲडॅप्टिव्हचा प्रोग्राम त्यात मावेना, आणि कार्डावरून चालवला तर हजारो तुटक सरळ ओळींमुळे टेबल थरथरायचं. तिने ०.०१ मिमीच्या टॉलरन्समध्ये त्या तुटक ओळींचे गोल चाप करून घेतले, जी ०१ च्या ढिगाऱ्याऐवजी जी ०२-०३. प्रोग्राम आखडला, मशीन शांत चालायला लागलं. फ्रीकॅडमध्ये आधी मॉडेल बदललं की पृष्ठभागांचे क्रमांक हलायचे आणि टूलपाथ भलत्याच बाजूला चिकटायचा, १.० मध्ये हे बरंच सुधारलं आहे, तरी मॉडेल बदलल्यावर आम्ही प्रत्येक ऑपरेशन उघडून बघतो. वळणदार पृष्ठभागाचं फिनिशिंग मात्र त्यात माझ्या समाधानासारखं झालं नाही. सतरा कागदांचा प्रश्न उरलाच.

म्हणून फ्यूजनची धंद्याची प्रत घेतली, वर्षाच्या वर्गणीवर, एका कॉम्प्युटरसाठी. दुसऱ्यावर फ्रीकॅड. वर्गणी हा प्रकार मला आवडत नाही, हे आजही सांगतो. माझं ग्राइंडर मी ज्याच्याकडून घेतलं तो माणूस आता धंद्यात नाही, पण ग्राइंडर चालू आहे. वर्गणीच्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं. आर्टकॅमचं उदाहरण आहे: २०१४ मध्ये डेलकॅम कंपनीसोबत ते ऑटोडेस्ककडे गेलं आणि २०१८ मध्ये त्याची विक्री बंद झाली. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जॉब संपला की मॉडेलची स्टेप फाइल आणि मशीनवर प्रत्यक्ष चाललेला प्रोग्राम वेगळ्या डिस्कवर जातो. ही सवय लागली तर वर्गणीची भीती निम्मी होते, पूर्ण जात नाही.

पैशांचं म्हणाल तर मी एकच हिशेब केला. स्पिंडल नव्हता ते अकरा दिवस मशीन चाललं असतं, तर वर्षाची वर्गणी भरून पैसे उरले असते. बिल असल्यामुळे अठरा टक्के जीएसटीचं क्रेडिटही मिळालं. परवडत नाही हे मी नऊ वर्षं म्हणत होतो, पण कधी कागदावर मांडून बघितलं नव्हतं. २०१५ मध्ये नसेलही परवडलं. २०१८ मध्ये, २०२० मध्ये नक्की परवडलं असतं.

आता कुणी विचारलं की कॅम कोणतं घ्यावं, तर मी नाव सांगायच्या आधी त्यालाच विचारतो, की त्या कॅमचा पोस्ट तुला उघडून वाचता येतो का? फ्यूजनचे पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये असतात, फ्रीकॅडचे पायथॉनमध्ये. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली, कुणालाही उघडता येतात, बदलता येतात. ज्याचा पोस्ट बदलायला दर वेळी बाहेरचा माणूस बोलवावा लागतो, ते कितीही स्वस्त असलं तरी लहान गाळ्याला महाग पडेल असं मला वाटतं.

जुने दोन्ही कॉम्प्युटर मी स्वतः बसून फॉरमॅट केले. त्याआधी तिने सगळे जुने प्रोग्राम उतरवून घेतले होते. सॉफ्टवेअरमधून निघालेली फाइल एका बाजूला, सोलापूरच्या मुलाने दुरुस्त केलेली दुसऱ्या बाजूला, अशा शेकडो जोड्या तिने तपासल्या. तो काय काय बदलायचा याची यादी झाली. सात बदल निघाले. सहांची कारणं आम्हाला कळली. सातवं कळेना. दोन नंबरच्या मशीनसाठी तो स्पिंडल सुरू करायच्या ओळीनंतर नेहमी जी ०४ पी ३००० घालायचा, तीन सेकंद थांबायचं. का, ते ना तिला कळलं ना मला.

शेवटी मी त्याला फोन केला. दीड वर्षांत पहिल्यांदाच. बोलायला कशी सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून सरळ तेवढंच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, त्याचा स्पिंडल पूर्ण आरपीएमला यायच्या आधीच फीड सुरू होतो. सकाळी मशीन गार असताना जास्त. तीन सेकंद दिले की बरं पडतं." मी म्हणालो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तो जरा थांबून म्हणाला, "सांगितलं होतं एकदा. तुम्ही घाईत होता."

ती शेजारीच बसून ऐकत होती. तिने नव्या पोस्टमध्ये सातवा बदल घातला. त्या फाइलीच्या अगदी वरच्या बाजूला, लेखकाचं नाव लिहायची एक ओळ असते. ती ओळ तोपर्यंत रिकामी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिने तिथे त्याचं नाव टाइप केलं.